काजं उजवीकडे

४ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प तीन दिवस उशिरा करतो आहे. घाईत केलेले संकल्प टिकत नाहीत.

संकल्प असा: माझा सर्वांत आवडता सिनेमा घरच्यांना आणि मित्रांना दाखवायचा. दुकानातच. मोठ्या पडद्यावर.

कारण शर्ट. माझ्या खास पद्धतीचे बारा शर्ट दुकानात टांगलेले आहेत. काजं उजवीकडे, बटणं डावीकडे, खिसा उजव्या छातीवर. कापड उत्तम. शिलाई माझी. गिऱ्हाईक शर्ट अंगात घालतं, थोडा वेळ बटणं चाचपडतं, मग शर्ट उतरवून हँगरला लावतं आणि म्हणतं, मास्तर, हा बायकांचा आहे.

दर वेळी सांगतो की ही एका सिनेमातल्या नायकाची पद्धत आहे. गिऱ्हाईक विचारतं, कोणता सिनेमा. नाव आठवत नाही. तिथे गाडी अडते.

म्हणजे दोष शर्टात नाही. लोकांनी सिनेमा पाहिलेला नाही, एवढंच.

५ जानेवारी

बायकोला संकल्प सांगितला. ती तोंडात टाचण्या धरून काम करते, त्यामुळे तिचं मत उशिरा येतं.

दुकानाची मागची बाजू तिची, लेडीज. पुढची माझी, जेन्ट्स. खिडकीजवळचं मोठं टेबल माझ्याकडे, कारण कटिंगला उजेड लागतो. कटिंग तिलाही असतं. माझ्यापेक्षा जरा जास्तच असतं, हे मी नाकारत नाही. पण तिची नजर चांगली आहे.

टाचण्या काढून म्हणाली, दाखवा की, जरूर दाखवा. आणि सिनेमा बघूनही एकाही पुरुषाने शर्ट मागितला नाही, तर खिडकीजवळचं टेबल माझं. कायमचं.

मी लगेच हो म्हटलं. नंतर वाटलं, बिचारीला फसवल्यासारखं झालं.

८ जानेवारी, रविवार

जेवायला सगळे होते. सासूबाई, साडू आणि औषधवाला. मेव्हणी बदलीच्या गावी असते म्हणून साडू रविवारी आमच्याकडे जेवतो. औषधवाला नात्यातला नाही. त्याचं दुकान आमच्या दुकानाला लागून आहे आणि त्याला वास लवकर येतो.

कोणता सिनेमा दाखवावा, असा प्रश्न सर्वांपुढे ठेवला. लोकशाही पद्धत.

साडू म्हणाला, दादा, अंतराळातला लावा, माझा प्रोजेक्टर त्यासाठीच घेतलाय, काळा रंग काय दिसतो म्हणून सांगू. सासूबाई म्हणाल्या, ज्यात कुणी मरत नाही असा लावा जावईबापू, आणि मरायचंच असेल तर मध्यंतराच्या आत मरू दे, म्हणजे पुढचं निवांत बघता येतं. औषधवाला म्हणाला, मला कोणताही चालेल, मी झोपतोच. बायको म्हणाली, जो अस्तित्वात आहे असा लावा.

सर्वांची मतं शांतपणे ऐकून घेतली. मग माझा सिनेमा निवडला.

साडूने नाव विचारलं. म्हटलं, ते शोधायचं आहे. म्हणाला, नट कोण. म्हटलं, उंच, नाकेला. म्हणाला, दिग्दर्शक. म्हटलं, थोर असणार. साडूने चमचा खाली ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. वहिनी, हे रोज असे असतात का, असं त्याला विचारायचं होतं. त्याने विचारलंही.

११ जानेवारी

शोधाची पूर्वतयारी. जे आठवतं ते नोंदवतो.

वय सात. ताई घेऊन गेली होती. उघडं मैदान, मधोमध दोन खांबांना ताणून बांधलेलं पांढरं कापड. ताईने जागा अशी हेरली की बोलायला नको. कापडाच्या पलीकडे सगळं गाव एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखं दाटीने बसलं होतं. अलीकडे आम्ही दोघं, आणखी दोन-तीन मुलं आणि सायकल आडवी टाकून बसलेला एक म्हातारा. समोर एकही डोकं नाही. तिकीट विचारायलाही कुणी फिरकलं नाही. तेव्हापासून माझं पक्कं मत आहे की गर्दी विचार करत नाही.

सुरुवातीची नावं परक्या लिपीत होती. मी नुकताच वाचायला शिकलो होतो, वर्गात पुढे होतो, तरी एक अक्षर लागलं नाही. म्हणजे सिनेमा परदेशी. गाड्याही रस्त्याच्या भलत्याच बाजूने धावत होत्या. बोलणं मात्र आपल्या भाषेत. म्हणजे आवाज मागाहून दिलेले.

आणि तो प्रसंग. नायक सकाळी शर्ट घालतो आहे. दारात गुंड, हातात पिस्तूल. नायक वळूनही बघत नाही. एक एक बटण लावत राहतो. गुंड म्हणतो, चल. नायक म्हणतो, थांब, अजून दोन बटणं राहिलीत.

गुंड थांबतो. खरोखर थांबतो.

त्या क्षणी मी शिंपी व्हायचं ठरवलं. बटणं उरलेली असताना माणसाला कुणी काही करू शकत नाही.

काजं उजवीकडे होती. मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

१२ जानेवारी

काल लिहिताना एक गोष्ट नव्याने लक्षात आली. त्या सिनेमात एकटा नायक डावखुरा नव्हता. सगळेच होते. पोलीस डाव्या हाताने सलाम ठोकत होते. डॉक्टर डाव्या हाताने सुई टोचत होता. नायिकेने थोबाडीत दिली तीही डाव्या हाताने. विरहाच्या प्रसंगी नायक छातीवर हात ठेवतो तो उजव्या बाजूला.

केवढा धीट विचार. दिग्दर्शकाने एक संपूर्ण डावखुरं जग उभं केलं, हृदयासकट, आणि त्याबद्दल सिनेमात एक शब्दही बोलला नाही.

हे बायकोला सांगितलं. म्हणाली, तुमच्या हातून कात्री पडली ती उचला आधी.

१६ जानेवारी

मीही डाव्या हाताने काम करतो, पण अलीकडे हयगय झाली होती. आजपासून कडक सराव. कटिंग पूर्ण डाव्या हाताने.

संध्याकाळ. पोस्टातल्या साहेबांच्या पँटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड झाला. कोणता, ते ठरवणं अवघड आहे. दोन्ही पाय आपापल्या जागी बरोबर वाटतात.

१७ जानेवारी

साहेब येऊन पँट घालून गेले. आरशासमोर एका बाजूला कलून उभे राहिले तेव्हा ठीक दिसत होती. तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, मास्तर, मी पोस्टात असा कलून उभा राहू का. बायकोने मागून येऊन पँट घेतली आणि परवा देते म्हणाली.

हल्ली ती माझ्या कामात फार लक्ष घालते.

२० जानेवारी

साडू संगणकावर शोधतो आहे. मी सांगितलेली सगळी माहिती त्याने टाकली. परदेशी, डावखुरा नायक, पिस्तूल, बटणं. संगणकाने पहिल्यांदा शिवणयंत्रं दाखवली. मग शर्ट दाखवले. साडू म्हणाला, दादा, हे बघा, हेही तुमचे खपत नाहीत तसलेच दिसतात.

त्याचा स्वभाव मी ओळखून आहे. दुर्लक्ष केलं.

नंतर त्याने एकोणीस परदेशी सिनेमांचे तुकडे दाखवले. एकाही माणसाने बटण लावलं नाही. बहुतेकांनी काढली.

२३ जानेवारी

बायको म्हणाली, अहो, सिनेमाला तुम्ही एकटे गेला होतात का.

ताईला विचारावं हे मला सुचलंच होतं. चाळीस वर्षं योग्य वेळेची वाट पाहत होतो.

दुपारी ताईला फोन लावला. मी वर्णन सुरू केलं, गुंडापर्यंत पोचलोही नव्हतो, तोवर ताईने सिनेमाचं नाव सांगितलं. नाव साधंच निघालं, नायकाचं आडनाव. म्हणाली, अरे, तो तर केवढा गाजला होता, आईने तीनदा बघितला.

म्हणजे परदेशी सिनेमाला आपल्याकडे नाव नवीन दिलेलं. समजू शकतो.

ताई म्हणाली, आणि बाबा, तेव्हा आपण बसलो होतो कुठे, ते आठवतं का तुला. म्हटलं, ताई, मला सगळं आठवतं, मी ते लिहूनही ठेवलंय. ती हसत बसली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला. गिऱ्हाईक बायकोचं होतं.

ताईला कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. गुडघे दुखतात, पण येईन म्हणाली. हे तर बघायलाच हवं, असं दोनदा म्हणाली. सिनेमाबद्दल तिलाही किती ओढ आहे.

२७ जानेवारी

सिनेमा मिळाला. साडूने तासाभरात मिळवला.

खात्रीसाठी त्याने फोनवरून आवाज ऐकवला. मी दुकानात उभा होतो, हातात टेप. दाराची कडी. पावलं. मग तो आवाज: थांब, अजून दोन बटणं राहिलीत.

टेप हातातून सुटला.

साडू म्हणाला, पाठवू का, बघून घ्या एकदा. मी नाही म्हटलं. आवडता सिनेमा आधी तपासून बघायचा नसतो. तपासायचा म्हणजे अविश्वास. शिवाय, पहिल्या प्रसंगापासून शेवटापर्यंत माझा तो पाठ आहे.

साडू म्हणाला, दादा, पण मी थोडा बघितला, आणि ते बटणांचं... मी त्याला तिथेच थांबवलं. गोष्ट फोडू नये, एवढी सभ्यता माणसाला असावी.

३० जानेवारी

तयारी. पडदा दुकानाच्या मधोमध लावायचा, तिची बाजू आणि माझी बाजू यांच्या मध्ये. अस्तराचं पांढरं कापड, पातळ पण स्वच्छ. प्रोजेक्टर माझ्या टेबलावर. प्रेक्षक माझ्या बाजूला.

प्रस्तावना मी करणार. विषय: बटण आणि धैर्य. बोलायला लागलो तर तासभर सहज जाईल. बायको म्हणाली, बोला, फक्त दिवे घालवल्यावर बोला, म्हणजे लोकांना झोपता येईल.

३ फेब्रुवारी

नवी कल्पना. येणाऱ्या पुरुषांना तोच शर्ट भेट. अंगावर तो शर्ट आणि समोर तो प्रसंग. मग कोण नाही म्हणेल.

एक साडूसाठी, एक औषधवाल्यासाठी बेतला. एक माझा. बारा आहेत ते विकायचे आहेत, त्यांना हात लावला नाही. मापं अंदाजाने घेतली, सांगून घेतली तर नवल काय राहिलं. साडूचा गळा औषधवाल्याला होईल असा झाला आणि औषधवाल्याचा कुणालाच होणार नाही असा. अजून वेळ आहे.

५ फेब्रुवारी, रविवार

औषधवाल्याने शर्ट घालून बघितला. बटणं लावताना खाली मान घालून बराच वेळ उभा होता. म्हणाला, मास्तर, माझे हात चुकीच्या माणसाला लावल्यासारखे वाटतात. मी म्हटलं, सवयीचा प्रश्न आहे. तो म्हणाला, माझी बायको बाहेर घालू देणार नाही, आतून स्वेटरखाली चालेल का.

वरून स्वेटर घालायची कल्पना वाईट नाही. पण मग काजं दिसणार नाहीत.

९ फेब्रुवारी

बायकोने आज फीत घेऊन माझं टेबल मोजलं. लांबी, रुंदी, खिडकीपासूनचं अंतर. मी विचारलं, काय चाललंय. म्हणाली, काही नाही, सहज.

तिला नंतर वाईट वाटणार आहे. हरणाऱ्याला आशा ठेवू द्यावी.

१२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४

पडदा लावला. खुर्च्या मांडल्या. भांग उजव्या बाजूने पाडला, नायकासारखा. घड्याळ उजव्या मनगटात. शर्ट इस्त्रीचा.

ताई आली. मला पाहून तिने हातातली पिशवी खाली ठेवली, मला आपादमस्तक बघितलं आणि म्हणाली, अरे देवा, हे सगळं त्याच्यामुळे का. म्हटलं, त्याच्यामुळेच. तिने बायकोला बाजूला घेतलं. दोघी मागच्या बाजूला काहीतरी कुजबुजत होत्या. बायको तोंडावर पदर धरून बाहेर आली. भावना अनावर झाल्या असाव्यात.

१३ फेब्रुवारी. सकाळ

कालची हकिकत शांत डोक्याने लिहितो.

प्रस्तावना सुरू केली. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्या मधेच म्हणाल्या, जावईबापू, हा माणूस मरतो की नाही तेवढं सांगा. म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग लावा. सगळ्यांनी मान डोलावली. प्रस्तावना तिथे आटोपती घेतली.

दिवे घालवले. पडद्यावर नावं आली. स्पष्ट, ठळक, आपल्याच लिपीत. साडूने ती मोठ्याने वाचून दाखवली, वेशभूषेपर्यंत. मी म्हटलं, आवाज दिले तेव्हा नावंही बदलली असतील. गाड्या आपल्या रस्त्यावरून जातात तशा जात होत्या. मी म्हटलं, ही नवी प्रत दिसते. पोलिसाने उजव्या हाताने सलाम केला. मी काही म्हटलं नाही. एखादा पोलीस असतो तसा.

नायक आला. उंच, नाकेला. भांग डावीकडे.

मग तो प्रसंग. खोली, सकाळचं ऊन, नायक शर्ट घालतो आहे. मी उभा राहिलो. सगळ्यांना म्हटलं, आता बघा.

त्यांनी बघितलं. नायक उजव्या हाताने बटणं लावत होता. काजं डावीकडे. बटणं उजवीकडे. खिसा डाव्या छातीवर. गिऱ्हाईक रोज मागतं आणि मी नको म्हणतो, तोच शर्ट.

औषधवाला जागा होता. एरवी झोपतो, काल जागा राहिला. त्याने पडद्याकडे पाहिलं, मग स्वेटर वर करून स्वतःच्या छातीकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. म्हणाला, मास्तर, त्याचा शर्ट तर माझ्या घरच्या शर्टासारखा आहे.

गुंड म्हणाला, चल. कुणी ऐकलं नाही.

ताई अंधारातून म्हणाली, अरे बाबा, आपण पडद्याच्या मागून बघितला होता. पुढे तिकीट होतं. मागून सगळं उलटं दिसतं. किती वेळा सांगायला गेले, तू ऐकशील तर शप्पथ.

सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाली ती. साडूने मोठ्याने सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, काय. साडूने आणखी मोठ्याने सांगितलं, यांनी उलट्या बाजूने बघितला होता, म्हणून हे शर्ट. रस्त्यावरून जाणारा एक माणूस दारात थांबून ऐकून गेला.

बायको काहीच बोलली नाही. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी. तिने फक्त टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

मला अंदाज होताच की प्रक्षेपणात काहीतरी गडबड आहे. तपासायला म्हणून मी पडद्यामागे गेलो.

आणि तिथे सगळं ठीक होतं. नायक डावखुरा. भांग उजवीकडे. काजं उजवीकडे. तोच माझा सिनेमा, जसाच्या तसा. मी तिथून ओरडून सांगितलं की इकडून बरोबर दिसतंय. साडू म्हणाला, दादा, आम्ही सगळे उठून तिकडे येऊ का. मी म्हटलं, या. कुणी आलं नाही. एकंदरीत चूक प्रेक्षकांच्या बसण्यात होती.

थोड्या वेळाने ताई आली. गुडघे धरत, भिंतीचा आधार घेत. मापं घेताना बायको उभी करते त्या ठोकळ्यावर ती बसली, मी कापडांच्या गठ्ठ्यावर. समोर एकही डोकं नव्हतं. पलीकडे मंडळी हसत होती, खात होती, नायिकेने थोबाडीत दिली तेव्हा सासूबाईंनी टाळी वाजवली. ताई म्हणाली, इथूनच बरा वाटतो रे, सवयीचा. मग म्हणाली, तेव्हा तिकिटाचं तुला सांगितलं नव्हतं. तुला वाटलं होतं आपण मोठी जागा पटकावली. तुझा चेहरा बघून मग सांगवेना.

मी म्हटलं, जागा चांगलीच होती, ताई.

शेवटी नावं आली. परक्या लिपीत. तिला दाखवली. ती म्हणाली, हो रे, परकीच आहेत.

१३ फेब्रुवारी. दुपार

पैजेचा विषय बायकोने काढला. मी तिला आठवण करून दिली की काल साडूने शर्ट मागितला. सगळ्यांनी ऐकलं. जाताना तो म्हणाला, दादा, शर्ट द्या.

बायको म्हणाली, स्वतःचा मागितला. तुम्ही दिलेला अंगातून काढून स्वतःचा.

मी म्हटलं, पैज लावताना कोणता शर्ट ते म्हटलं नव्हतं. शब्द आठव. तिने दोन टाचण्या तोंडात घातल्या. याचा अर्थ ती विचार करते आहे.

१४ फेब्रुवारी

सकाळी दुकानात आलो तर बारापैकी एकही शर्ट माझ्या बाजूला नव्हता. चोरी झाली असं वाटून आनंद झाला. कुणीतरी ते चोरण्याच्या लायकीचे मानले.

बायकोने ते मागे तिच्या बाजूला टांगले होते. कंबरेत थोडी शिवण घेतली होती, बाकी काही बदल नाही.

संध्याकाळ. बारापैकी नऊ गेले. पहिला एका शिक्षिकेने घेतला. बटणं न बघता लावली. म्हणाली, काय सुरेख बसतोय हो, आणि काजं किती नेटकी, कुणी केली. बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं. शिक्षिका म्हणाली, अगंबाई, यांना येतं.

माझी पद्धत यशस्वी झाली, हे आज इथे नोंदवून ठेवतो. लोकांनी सिनेमा बघण्याचीही गरज पडली नाही.

१५ फेब्रुवारी

उरलेले तीनही गेले. आणखी सहांची मागणी आहे. बायकोला म्हटलं, बघ, खपले की नाही. ती म्हणाली, खपले. मग म्हणाली, पुरुषांना नाही.

तिचा हा हट्टीपणा मला लग्नाआधी कळला नव्हता.

१८ फेब्रुवारी

टेबल हलवलं. तांत्रिकदृष्ट्या ते तिथेच आहे, आम्ही दोघं हललो. मी स्वतःहून प्रस्ताव मांडला. तिने आधीच माझी कात्री मागे नेऊन ठेवली होती, तेवढा वेळ वाचला.

मागची बाजू वाईट नाही. शांत आहे. खिडकी नसल्यामुळे लक्ष विचलित होत नाही. दिवसा दिवा लावावा लागतो, पण माझं काम बारीक आहे, त्याला दिवाच बरा.

पोस्टातले साहेब आले होते. पँट छान झाली म्हणाले. बायकोला म्हणाले. दोन नवीन शिवायला टाकल्या. मापं तिने घेतली. मी मागून आकडे ऐकत होतो. बरोबर होते.

२२ फेब्रुवारी

कामाची नवी विभागणी ठरली. कटिंग ती करणार. शिलाई दोघं. काजं मी.

ती म्हणाली, उजवीकडे काजं करण्यात तुमच्याइतका हात बसलेला माणूस या रस्त्यावर दुसरा नाही. हे मी इतकी वर्षं सांगत होतो. उशिरा का होईना, मान्य केलं. आणि म्हणाली, उजव्या हाताने करा, डाव्याने नको. यावर मी विचार करून सांगतो म्हटलं. ती म्हणाली, नको, करूनच सांगा.

उजव्या हाताने सात केली. फार लवकर झाली. संशय येण्याइतकी लवकर.

२८ फेब्रुवारी

रंगारी आला. दुकानाची पाटी नव्याने रंगवायची आहे. बायकोने मजकूर सांगितला. लेडीज टेलर, मोठ्या अक्षरांत, पुढे तिचं नाव.

मी मागून म्हटलं, जेन्ट्स हा शब्दही असू द्या, आकार जरा लहान असला तरी चालेल. रंगारी शिडीवरून तिच्याकडे बघत राहिला.

ती कात्री ठेवून बाहेर गेली. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात तिने दोन बोटांनी जागा दाखवली.

साधारण एका काजाएवढी.